आज्ञापालन आणि शरणागती



गेल्या महिन्यात मिस्सा आटोपून मी वीर स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. सोबत कॉलेजात शिकणारा आपल्यातलाच एक मुलगा होता. भगवान रजनीश यांच्या अमेरिकेतील वसाहतीवरची २०१८ सालची मालिका त्याने मोबाईलवर पाहिली होती. त्याने मला सरळच विचारले, "फादर, तुम्हीही गुरुदीक्षेच्या वेळी बिशपांच्या हातात हात देऊन आज्ञापालनाचे वचन दिलेत. मग त्या लोकांत आणि तुमच्यात फरक तो काय?" मी काहीतरी उत्तर दिले. गाडी आली, तो चढून गेला. पण माझ्या उत्तराने माझेच समाधान झाले नव्हते. म्हणून आज हा लेख.

रजनीशांचा आश्रम १९७४ पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात होता. १९८१ साली ते अमेरिकेत गेले. ऑरेगन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांच्या माळरानावर त्यांच्या शिष्यांनी रजनीशपुरम नावाचे गावच वसवले. तिथे डॉक्टर होते, वकील होते, प्राध्यापक होते. ती अडाणी माणसे नव्हती. त्यांनी रात्रंदिवस राबून रस्ते केले, धरण बांधले, शेती पिकवली. रजनीशांनी त्या काळात सार्वजनिक मौन धरले होते. त्यांच्या नावाने बोलत होत्या त्यांच्या सचिव, मा आनंद शीला. शीला सांगतील तीच गुरूंची इच्छा, असे झाले.

पुढे काय घडले? १९८४ च्या शरदात, स्थानिक निवडणुकीत बाहेरच्यांचे मतदान कमी व्हावे म्हणून, शेजारच्या द डॅल्स या गावातील दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. वसाहतीत आपल्याच माणसांचे फोन चोरून ऐकले जात होते. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला निघून गेल्या आणि खुद्द रजनीशांनीच त्यांच्यावर जाहीर आरोप केले. १९८६ मध्ये शीला यांनी गुन्हे कबूल केले. रजनीशांवर खटला झाला तो परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली. त्यांना देश सोडावा लागला आणि १९९० साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

शिकलीसवरलेली माणसे इथवर कशी पोचतात? एका उडीत कोणी पोचत नाही. आधी माणूस घरापासून तुटतो. मग त्याचे अन्न, अंथरूण आणि काम एकाच हातात जाते. गुरूपर्यंत जाण्याचे दार एकच उरते आणि त्या दाराशी एकच माणूस उभा असतो. शेवटी शंका हेच पाप ठरते. कोणी प्रश्न विचारला तर प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, विचारणाऱ्याचा अहंकार दाखवून दिला जातो. इथे आज्ञापालन संपते आणि शरणागती सुरू होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आज्ञापालनाला मोठा सद्गुण मानले आहे. पण तेच सांगतात की माणसाने माणसाची आज्ञा पाळायची ती बाह्य कृतींपुरती. इच्छेच्या आतल्या हालचालींवर अधिकार फक्त परमेश्वराचा. लग्न करावे की अविवाहित राहावे, याबाबत नोकरही मालकाच्या आज्ञेला बांधलेला नाही, असे त्यांनी तेराव्या शतकात लिहिले. म्हणजे वरिष्ठ मला काम देऊ शकतो, माझी बदली करू शकतो. माझी सदसद्विवेकबुद्धी तो माझ्याकडून मागून घेऊ शकत नाही. ती माझीही नाही, देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे. दुसऱ्याची ठेव कोणाला दान करता येते का?

हे लिहिताना परक्याच्या घरात डोकावून आपल्या घराला कडी लावणे अप्रामाणिक ठरेल. १९४१ साली मेक्सिकोत फादर मार्सियाल मासिएल यांनी 'लीजन ऑफ ख्राईस्ट' हा संघ स्थापन केला. त्या संघातील व्रतस्थ एक खासगी व्रत घेत: वरिष्ठांवर टीका करायची नाही आणि कोणी केली तर ती वर कळवायची. त्या व्रताच्या आड मुलांचे लैंगिक शोषण दडले. १९९७ मध्ये माजी विद्यार्थी जाहीरपणे बोलले, तरी कारवाईला २००६ साल उजाडले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संस्थापकाला सेवेतून दूर केले आणि ते व्रतही रद्द केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम केला की अशा शोषणाची माहिती मिळाल्यास धर्मगुरूंनी आणि व्रतस्थांनी ती कळवलीच पाहिजे. नियम झाला ही चांगली गोष्ट, पण तो किती जणांच्या अश्रूंनंतर झाला!

आणि मी? काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सणाच्या खर्चाचा हिशेब एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सभेत मागितला. मला राग आला. पुढच्या रविवारी उपदेशात मी 'शंकेखोर' माणसांवर बोललो. नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. कित्येक आठवडे लोक त्या घराशी जपूनच बोलत होते. हिशेबात एका रुपयाचाही घोळ नव्हता. तरी मी तो दाखवला नाही, कारण मला विचारलेच का, हा माझा प्रश्न होता. आपल्या रायगड जिल्ह्यात 'वाळीत टाकणे' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्याविरुद्ध राज्याने २०१६ साली कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. पण मी वेदीवरून जे केले ते वेगळे होते का? नंतर मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. विषय काढला नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याने मला अजून टोचते.

कोणी म्हणेल, प्रत्येकजण प्रश्न विचारू लागला तर देऊळ चालेल कसे, घर चालेल कसे? पण संत पौलाने अंत्युखियात संत पेत्राला तोंडावर विरोध केला, म्हणून ख्रिस्तसभा मोडली नाही. प्रश्नाने अधिकार मोडत नाही. ज्याला प्रश्न सोसत नाही तो अधिकार आधीच पोखरलेला असतो. ख्रिस्तसभेचा कायदाही श्रद्धावंतांना आपले मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क देतो आणि व्रतस्थांच्या वरिष्ठांना कोणाच्या मनातले गुपित काढून घेण्यास मनाई करतो.

म्हणून कोणत्याही आश्रमात, मठात, प्रार्थनासंघात, आपल्या धर्मग्रामात आणि घरातसुद्धा काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. इथे न घाबरता विचारता येते का? इथून निघून जाणाऱ्याची अब्रू शाबूत राहते का? पैशाचा हिशेब चार डोळे पाहतात का? आणि जो आज्ञा देतो, तो स्वतः कोणाला जाब देतो का? प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्राने "नको" म्हटले. प्रभूने त्याला समजावले, धमकावले नाही.

त्या मुलाला माझे उत्तर आता असे: बिशपांनी मला उद्या दुसऱ्या गावी जा म्हटले तर मी जाईन. पाप कर म्हटले तर जाणार नाही, आणि का जात नाही ते त्यांना सांगेन. तुझ्याबाबतीतही तसेच. माझ्या बोलण्यात काही खटकले तर स्टेशनची वाट पाहू नकोस, मिस्सा संपल्यावर दारातच विचार. यंदाच्या सणाचा हिशेब फलकावर लावला आहे. सर्वांनी तो वाचावा, ही विनंती.