आधी स्वतः, पण कोणासाठी?

डोंबिवलीत एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात वक्ते म्हणाले, ‘विमानात सांगतात ना, आधी स्वतःचा मास्क लावा. आयुष्यातही तेच. आधी स्वतःला घडवा, जगाचं नंतर बघू.’ टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य खुपत राहिलं.

दाखला खोटा नाही, अर्धा आहे. मास्क लावायला काही सेकंद पुरतात आणि लगेच शेजारच्या लेकराकडे वळायचं असतं. आपलं ‘आधी’ मात्र संपतच नाही. पहाटे उठणं, ध्यान, संभाषणकला; एक शिबिर उरकलं की पुढच्या पायरीचं. कल्याण लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकणारा माणूस कधी ‘आधी मी नीट बसतो’ म्हणतो का? तो कुरकुरतो, पण सरकतो. हे त्याला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नसतं.

आरशासाठी घडणं वेगळं आणि गरजेपोटी घडणं वेगळं, असं मी मानत आलो. ओळखायची खूणही सोपी वाटायची: घडलेल्या माणसाचा इतरांना उपयोग किती झाला ते मोजायचं.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींपाशी ही मोजपट्टी तुटते. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत त्यांनी आपण अमेरिकेला का निघालो ते सांगितलं: हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली, पण क्षयाने रुजूही होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी न होता, त्या पुण्यात वारल्या. उपयोगाच्या वहीत जमा शून्य. तरीही ते शिक्षण वाया गेलं, असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

शिवाय तो सगळा प्रवास त्यांच्या एकटीच्या मर्जीचा होता असंही नाही. पती गोपाळरावांचा हट्ट होता, अभ्यासासाठी मारझोडही होती. त्या हट्टातून सुरू झालेल्या शिक्षणाला स्वतःचं कारण आनंदीबाईंनी दिलं.

मग वक्त्यांचं एक मान्य करायला हवं. अमेरिकेतली ती वर्षं आनंदीबाईंनी ‘आधी स्वतः’ याच क्रमाने काढली. अर्धवट ज्ञानावर दवाखाना थाटला नाही. क्रम बरोबरच आहे. फक्त ‘कोणासाठी’ हे बोटीत पाय ठेवण्यापूर्वी ठरलेलं होतं. म्हणून उपयोगाची मोजपट्टी मी आता बाजूला ठेवतो. फळ आयुष्याच्या लांबीवर ठरतं, आणि ती आपल्या हातात नसते. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांना काळ मिळाला, आनंदीबाईंना नाही. त्याने आनंदीबाईंचं मोल कमी होत नाही.

तेव्हा स्वतःला जरूर घडवा, हवी तितकी वर्षं घडवा. कोणाच्या कामी यायचं आहे, एवढं मात्र पहिल्या दिवशीच ठरवून टाका.