न हादरणारा रथ

सांगलीतल्या एका स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पानावर एका रविवारभोवती लाल पेनानं गोल केलेला आहे. त्या दिवशी लेकीचं डोहाळजेवण. झोपाळा सांगून झाला आहे, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर गेली आहे, हिरव्या साडीला फॉल लावून तयार आहे. फक्त लेक तिथं नाही. ती दुबईत आहे, तिला सातवा लागला आहे, आणि तिनं विमानात बसावं की नाही यावर घरात एकमत होत नाही. आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. सासूबाई म्हणतात, एवढं पोट घेऊन आकाशात कशाला जायचं, काही झालं तर कोणाकडे बघायचं? नवरा विमान कंपनीचे नियम वाचत बसला आहे. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं आहे.

असं घर आज महाराष्ट्रात कुठल्याही गावात सापडेल. नावं बदलतात, दुबईच्या जागी बंगळुरू किंवा न्यू जर्सी येतं, वाद तोच राहतो.

या वादाचा वैद्यकीय भाग तुलनेनं सोपा आहे. गरोदरपणात गुंतागुंत नसेल तर अधूनमधून केलेला विमानप्रवास सुरक्षित असतो, असं अमेरिकेतली आणि ब्रिटनमधली स्त्रीरोगतज्ज्ञांची मंडळं सांगतात. विमान 35 हजार फुटांवर उडत असलं तरी आतला हवेचा दाब फार तर 8 हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे साधारण उटीच्या हवेसारखा. उटीत बायका गरोदर राहतात, बाळंत होतात. शिवाय पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे एवढ्या उंचीवर निरोगी बाळाला काही कमी पडत नाही. खरी काळजी असते ती पायांत रक्ताच्या गाठी होण्याची. गरोदरपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं, आणि चार तासांहून अधिक वेळ एका जागी पाय दुमडून बसलं की धोका आणखी वाढतो. म्हणून कडेची जागा घ्यायची, मधूनमधून उठून चालायचं, पाणी प्यायचं, घट्ट मोजे घालायचे, पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर बांधायचा. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, रक्तदाब चढत असेल, दिवस भरण्याआधी कळा येण्याची भीती असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर प्रवास नको. शेवटची गोष्ट आपल्याकडे हलक्यात घेण्यासारखी नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

नियम कंपनीगणिक बदलतात. पण आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची सर्वसाधारण शिफारस अशी आहे की 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र हवं आणि 36 आठवड्यांनंतर प्रवास नको. जुळी असतील तर 32 आठवड्यांनंतरच नको. आई महिने मोजते आणि कंपनी आठवडे मोजते, त्यामुळे इथं घोळ होतो. 28 आठवडे म्हणजे 196 दिवस, म्हणजे सातवा निम्मा झालेला. 36 आठवडे म्हणजे नववा लागलेला. म्हणजे डोहाळजेवणासाठी माहेरी आणायची जी वेळ रूढीनं ठरवली आहे, नेमक्या त्याच पंधरवड्यात विमानतळावरच्या काउंटरवर तिला विचारलं जातं, "कितवा आठवडा? पत्र आणलंय?"

पत्र मिळतं. डॉक्टर तपासतात, सही-शिक्का करतात. तरीही घरातली चर्चा थांबत नाही, कारण ती मुळात डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नाची नव्हतीच. धोका थोडासा आहे, शून्य नाही. तो घ्यायचा का, कोणासाठी घ्यायचा आणि तो घ्यायचा अधिकार कोणाचा, हे धर्माचे प्रश्न आहेत. इथं धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे. उचित काय आणि कर्तव्य कोणाचं, या जुन्या अर्थानं धर्म.

"शास्त्रात सांगितलंय, गरोदर बाईनं प्रवास करू नये," हे वाक्य अशा वेळी हमखास येतं. शास्त्रात नेमकं काय आहे, हे पाहण्यासारखं आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भिणीनं टाळायच्या गोष्टींमध्ये वाहनावर चढणं आहे, हे खरं. पण त्याच यादीत दिवसा झोपणं, रात्रीचं जागरण, शोक आणि भय हेही आहे. वाहन आठवणाऱ्यांना शोक आणि भय क्वचितच आठवतात. चरकानं शब्द आणखी नेमका वापरला आहे. त्याचा आक्षेप प्रवासावर नसून फार हिसके देणाऱ्या वाहनावर आहे. गर्भिणीची काळजी कशी घ्यावी, यासाठी त्यानं दिलेला दृष्टान्त विसरता येत नाही: काठोकाठ तेलानं भरलेलं भांडं हिंदकळू न देता न्यावं, तसं. हे भांडं एका जागी ठेवून द्यायला चरक सांगत नाही. ते न्यायचंच आहे, आणि हात न हलू देण्याची जबाबदारी नेणाऱ्याची आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नदी ओलांडताना द्यायच्या नावेच्या भाड्याचे नियम आहेत. दोन महिन्यांहून अधिक दिवस गेलेल्या गर्भिणीकडून उतराई घेऊ नये, असं तिथं सांगितलं आहे. त्या ग्रंथातल्या स्त्रियांविषयीच्या कितीतरी गोष्टी आज कोणी मान्य करू नयेत अशा आहेत. पण हा नियम एक गोष्ट गृहीत धरतो: पोटुशी बाई नदीकाठी येणार, नावेत बसणार, पलीकडे जाणार. समाजानं तिला अडवायचं नाही, उलट तिचा भार उचलायचा. धर्मसिंधूसारखे निबंधग्रंथ तर याहून पुढे जातात. दूरदेशी जाऊ नये, हा निर्बंध त्यांनी घातला आहे, पण तो गर्भिणीच्या पतीवर. झाडं तोडू नयेत, प्रेत वाहू नये, समुद्रस्नान करू नये, परदेशी जाऊ नये, असं त्याला बजावलं आहे. शास्त्राचा हवाला देत सुनेला थांबवणाऱ्या किती घरांनी सातव्या महिन्यात मुलाची परदेशवारी रद्द केली असेल?

श्रद्धेच्या जागाही भान ठेवून नियम करतात. अमरनाथ यात्रेसाठी सहा आठवड्यांहून अधिक दिवस गेलेल्या स्त्रीची नोंदणी तिथलं श्राइन बोर्ड करत नाही. ती गुहा 3,800 मीटरहून उंच आहे आणि वाट खडी आहे. या नियमाला कोणी अधर्म म्हणत नाही. अंगाला काय झेपतं ते पाहून मग श्रद्धेचं पाऊल टाकणं, हे भाविकांना मान्य आहे.

पण या सगळ्या विषयाचं मर्म सापडतं ते एका नाटकात. आठव्या शतकातला भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे आपल्याच मातीतला. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात गरोदर स्त्रीच्या प्रवासाचा प्रश्न एकदा नव्हे, दोनदा येतो. घरातली वडील मंडळी ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेली आहेत. सीतेला नेलेलं नाही, कारण तिचे दिवस भरत आले आहेत. अष्टावक्र तिकडचा निरोप घेऊन येतो. दिवस भरत आले म्हणून तुला आणलं नाही, असं ऋष्यशृंग कळवतात. आणि तिला जे डोहाळे होतील ते लगेच पुरवा, असं अरुंधती आणि सासवा रामाला बजावतात. सांभाळायचंही आणि ऐकायचंही, अशी दोन्ही बाजूंची समजूत त्या निरोपात आहे. पुढं वनवासातली चित्रं बघता बघता सीतेला डोहाळा होतो: पुन्हा त्या वनात हिंडावं, भागीरथीत डुंबावं. राम तिला लांबचा रस्ता, थकवा, गर्भ यातलं काहीही ऐकवत नाही. तो लक्ष्मणाला सांगतो, हिसका न बसता सुखानं चालेल असा रथ आण.

इथंवर सगळं हवं तसं आहे. तिची इच्छा, वडीलधाऱ्यांचा विचार, नवऱ्यानं केलेली चांगल्या वाहनाची सोय. मग रामाचा हेर दुर्मुख येतो, लोकापवाद सांगतो, आणि तोच रथ सीतेला वनात सोडून यायला निघतो. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडातही गंगाकाठचे आश्रम पाहायची तिची इच्छा अशीच वापरली गेली आहे. सीता प्रवासानं उद्ध्वस्त झाली नाही. तिला खरं न सांगता तिच्या प्रवासाचा निर्णय दुसऱ्यांनी, दुसऱ्याच कारणासाठी घेतला, म्हणून ती उद्ध्वस्त झाली. आजच्या घरात लोकापवादाचं रूप सौम्य असतं: "पहिलं बाळंतपण माहेरी नाही केलं तर लोक काय म्हणतील," किंवा "सातव्यात पाठवलं आणि काही झालं तर लोक काय म्हणतील." दोन्ही वाक्यांत लोक आहेत, ती नाही.

डोहाळे या शब्दातच उत्तर आहे. सुश्रुत सांगतो की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्यामुळे ती स्त्री दोन हृदयांची होते. त्यावरून दौहृद, दोहद आणि पुढं मराठीत डोहाळे. जे बोलू शकत नाही त्याचं मागणं आईच्या तोंडून व्यक्त होतं, अशी ही कल्पना आहे. शरीरशास्त्र म्हणून ती आज कोणी मानणार नाही, नीतीचा विचार म्हणून मात्र ती मोलाची आहे. तिला एका बाजूला ठेवून बाळाच्या वतीनं बोलायला बसलेल्या सगळ्यांना ती सांगते की बाळाचं म्हणणं कळायला वाट एकच आहे आणि ती तिच्यातून जाते. मग तिनं हट्टानं अपायकारक काही मागितलं तर? चरकानं तेही सोडलेलं नाही. इच्छा तीव्र असेल तर अहितकर गोष्टही हितकर गोष्टीच्या जोडीनं द्यावी, असं तो म्हणतो. कडेची सीट, घट्ट मोजे, सोबत कोणीतरी, हातात तपासणीची फाइल ही त्या जोडीची आजची रूपं आहेत.

उरते ती भीती. काही झालं तर? लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के गर्भपातानं संपतात. सुरुवातीच्या महिन्यांतल्या अशा घटनांत निम्म्याच्या आसपास कारण गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं; बाई विमानात बसली काय, घरी बसली काय, ते घडणारच असतं. तरी प्रवासानंतर पंधरा दिवसांनी असं झालं तर आयुष्यभर बोट त्या तिकिटाकडे आणि तिच्याकडे दाखवलं जातं. चरकाच्या विमानस्थानात ('विमान' या शब्दाचा तिथला अर्थ प्रमाण) अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं की नाही? आत्रेय सांगतात, दैव आणि पुरुषार्थ दोन्ही मिळून. दृष्टान्त देतात गाडीच्या आसाचा. चांगला आस नीट वापरला तर आपल्या वेळेला झिजतो. तोच फाजील ओझ्यानं, वाईट रस्त्यानं अवेळी मोडतो. म्हणजे काळजी घेणं आपल्याकडे आहे, निकाल पूर्ण आपल्याकडे नाही. निर्णय घेताना जे ठाऊक होतं त्यावरून तो निर्णय तोलावा, मागाहून जे घडलं त्यावरून नव्हे. ज्या आईचं मूल गेलं तिला दोष न देणं हा सौजन्याचा भाग नाही, ते सत्याला धरून आहे.

आस आणि वाईट रस्ता म्हटलं की आणखी काही बायका डोळ्यांसमोर येतात. दर हंगामात बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत पोटुशा बायका असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसून त्या शेकडो किलोमीटर जातात आणि दिवस भरत आले तरी मोळ्या उचलतात. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून कळा सुरू झालेल्या बाईला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणलं जातं. जावं की न जावं, असं त्यांना कोणी विचारलेलं नसतं. शास्त्रानं सांगितलेला हादरा रोज त्यांच्या अंगावर येतो आणि धर्माच्या नावानं तिथं कोणी हळहळत नाही. विमानाची चर्चा करणाऱ्या घरांना निवड आहे, हे त्यांचं भाग्य आहे.

सांगलीच्या त्या घरातही हादऱ्याचा हिशेब चुकला आहे. दुबई ते मुंबई विमानाला तीन-साडेतीन तास लागतात. त्यानंतर मुंबई ते सांगली मोटारीनं पावणेचारशे किलोमीटर, सात-आठ तास. वाद झाला तो पहिल्या टप्प्यावर. दुसऱ्याचा विषयही निघाला नाही, आणि तिची पाठ, पाय आणि पोट यांची खरी परीक्षा त्यातच आहे.

तेव्हा लाल गोल करण्याआधी तिला फोन करा. तुला यावंसं वाटतं का, हे आधी विचारा आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्याच तोंडून समजून घ्या. ती येते म्हणाली तर सातवा निम्मा व्हायच्या आत तिकीट काढा, मुंबईत एक मुक्काम ठेवा, गाडी दर दोन तासांनी थांबवा. ती येत नाही म्हणाली तर झोपाळ्याचे पैसे परत मागा, ओटीचं सामान पिशवीत भरा आणि आईनं तिच्याकडे जावं.