लोकरीचं जॅकेट

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरात, एक फोटोग्राफर बाई राहत होत्या. शाळेच्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींचे फोटो काढणं हा त्यांचा व्यवसाय. तिकडे बारावीच्या मुलांना ‘सीनियर’ म्हणतात आणि सीनियरचा फोटो ही घरातली मोठी गोष्ट असते. तो शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापला जातो, कार्डांवरून नातेवाइकांकडे जातो, आणि मूल शिकायला दूर गेलं की दिवाणखान्याच्या भिंतीवर घरच्यांच्या सोबतीला राहतो. म्हणून बहुतेकांना तो स्टुडिओतल्या पडद्यापुढे नको असतो, मोकळ्या आभाळाखाली हवा असतो. अडचण अशी की तिथल्या शाळा जुलैच्या अखेरीस नाहीतर ऑगस्टच्या आरंभी उघडतात, पुस्तकासाठी फोटो लवकर द्यावा लागतो, आणि मुलांना उसंत मिळते ती जून-जुलैत.

अकोला-चंद्रपूरकडच्या वाचकाला उन्हाळा शिकवायची गरज नाही. पण विदर्भात जून सरता सरता पाऊस येऊन माणसाची सुटका करतो. फीनिक्समध्ये खरा कहर तेव्हाच सुरू होतो. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला, आणि त्यातल्या एका रात्री तो ३६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि सिमेंट रात्रभर उष्णता सोडत राहतं.

बाईंच्या हाताखाली एक मुलगा उमेदवारी करत होता. हात स्थिर, नजर चांगली, उजेडाची जाण उपजत. इतके दिवस त्यानं बाईंच्या बॅगा वाहिल्या, रिफ्लेक्टर धरला, बॅटऱ्या भरल्या. जुलैच्या आरंभी बाई त्याला म्हणाल्या, “पुढचं काम तुझं. आखणी तू करायची, फोटोही तूच काढायचे. मी फक्त सोबत येईन.”

काम होतं चँडलर नावाच्या उपनगरातल्या एका मराठी घरातलं. तिथे संगणकाच्या चिप बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्यामुळे आलेली बरीच भारतीय कुटुंबं आहेत. मुलगी शाळेच्या धावण्याच्या संघात होती. तिला तीन पोशाखांत फोटो हवे होते. पहिला, शाळेनं खेळासाठी दिलेलं मानाचं जॅकेट: अंग जाड लोकरीचं, बाह्या चामड्याच्या, छातीवर शाळेच्या नावाचं मोठं अक्षर. दुसरा, आजीची पैठणी. आजी उन्हाळ्यापुरती अकोल्याहून आली होती आणि नातीसाठी ती पैठणी बॅगेत तळाशी जपून घेऊन आली होती. तिसरा, साधा सुती फ्रॉक. आणि मागे हवा होता सग्वारो, तो हात वर केल्यासारखा उभा असणारा उंच निवडुंग. त्याला पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं जातात.

मुलानं मन लावून आखणी केली. शहराच्या पूर्वेला सुपरस्टिशन नावाचा डोंगर आहे, त्याच्या पश्चिम पायथ्याशी एक देखणा सग्वारो त्यानं हेरून ठेवला होता. कुठली लेन्स, कुठला कोन, कुठे उभं करायचं, कुठे बसवायचं, सगळं कागदावर उतरवलं. वेळ लिहिली: शनिवार, दुपारी चार. मुलीची आई तेव्हा मोकळी होती, आणि त्याच्या हिशेबानं दुपार कलल्यावर ऊनही उतरणार होतं.

बाईंनी कागद वाचला. लेन्सबद्दल काही बोलल्या नाहीत.

“त्या जागी दुपारी चारला कधी उभा राहिलायस?”

“बऱ्याचदा. तुमच्याबरोबरच.”

“माझ्याबरोबर तू हिंडलास. उभा राहिला नाहीस.”

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बाईंनी त्याला गाडीत घातलं. सोबत मोठी पांढरी छत्री, घडीची खुर्ची, बर्फाची पेटी आणि जुन्या कपड्यांच्या कपाटातून काढलेलं एक शाळकरी जॅकेट. लोकरीचं अंग, चामड्याच्या बाह्या. सग्वारोपाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, “हे घाल. सगळी बटणं लाव. मुलीला जिथे उभं करणार आहेस तिथे उभा राहा, आणि हस.”

त्या शेजारी छत्रीच्या सावलीत बसल्या. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात कॅमेरा. पाण्याची बाटली त्याला दिसेल अशी ठेवली होती आणि “डोकं जड वाटलं तर लगेच सांग” असं आधीच बजावलं होतं. दर मिनिटाला त्या एक फोटो काढत होत्या.

चार वाजता ऊन उतरतं, हा त्याचा समज पहिल्या मिनिटातच गेला. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा हवा सर्वांत तापलेली नसते. जमीन तापते, तिच्यावरून हवा तापते, आणि फीनिक्सचा पारा दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान टोकाला जातो. खालून वाफ, वरून जाळ, समोरून थेट डोळ्यांत ऊन. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या पाठीवरून घाम ओघळू लागला. पाचव्याला डोळे आपोआप बारीक झाले. आठव्याला बाई काहीतरी म्हणाल्या आणि त्याला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं. बाराव्या मिनिटाला बाई उठल्या, जॅकेट स्वतः काढून घेतलं, त्याला छत्रीखाली बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि थोडं थोडं पाणी प्यायला लावलं.

स्टुडिओत परतल्यावर त्यांनी ते बारा फोटो पडद्यावर एकापुढे एक लावले. पहिल्यात एक उमदा तरुण होता. चौथ्यात त्याचं हसू फक्त दातांचं उरलं होतं. नवव्यात जबडा आवळलेला, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी, बाटलीच्या दिशेनं. अकराव्या-बाराव्यात तो त्याचा त्यालाच ओळखू येईना.

“तुझी आखणी दोन तासांची होती,” बाई म्हणाल्या. “तू तरणाताठा आहेस, इथेच वाढलायस आणि मध्ये कपडेही बदलले नाहीस. जिथे दुसऱ्याला उभं करायचं तिथे आधी आपण उभं राहून यावं. मग कागद हातात घ्यावा.”

मुलगा गप्प बसून राहिला. मग म्हणाला, “घाम नंतर संगणकावर पुसता येईल.”

“घाम येईल पुसता. त्या दोन तासांत तिनं सोसलेलं काय पुसशील? हा फोटो तिच्या आईवडिलांनी रोज बघायचा आहे.”

बाईंचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. हल्ली साधनं इतकी सुधारली आहेत की भर दुपारचा उजेडही मोठ्या फ्लॅशनं वाकवता येतो, डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या घालवता येतात, लाल झालेली कातडी गोरी करता येते. साधनांना नावं ठेवायचं कारण नाही. पण ती उजेडाची अडचण सोडवतात, उन्हात उभ्या असलेल्या माणसाची नाही. दोन्ही अडचणी एकच आहेत असं समजून पुष्कळ हुशार माणसं फसतात.

“मग संध्याकाळी करू,” मुलगा म्हणाला. “सूर्यास्ताच्या आधीचा तास. उजेड सोनेरी, डोंगरही लाल दिसतो.”

“उजेड उत्तमच असतो. पण काल सात वाजता पारा किती होता ते बघून ये.”

त्यानं बघितलं. जेमतेम एक-दोन अंश उतरला होता. पहाटे पाचचा आकडा पाहिला, तो दहा-बारा अंशांनी कमी होता. सूर्य क्षितिजापाशी असताना उजेड सकाळी आणि संध्याकाळी सारखाच मऊ. पण सकाळी जमीन रात्रभर निवलेली असते, संध्याकाळी दिवसभर तापलेली. शिवाय जुलै म्हणजे तिथला पावसाळा. संध्याकाळी कधी ढग दाटतील, कधी धुळीची भिंत शहरावर चालून येईल, नेम नसतो.

आता मुलगा स्वतःहून कामाला लागला. पहाटे चारला उठून तो डोंगराच्या पायथ्याशी जाऊन आला, आणि तिथे त्याला एक गोष्ट कळली. ती कुठल्याही पुस्तकात त्याला सापडली नसती. सूर्य डोंगरामागून उगवतो. साडेपाचच्या सुमारास बाकी शहरावर ऊन पडतं, पण पश्चिम पायथा त्यानंतरही बराच वेळ डोंगराच्या सावलीत राहतो. आभाळ उजळलेलं, जमीन गार, चेहऱ्यावर सगळीकडून सारखा उजेड. संध्याकाळसारखा कडा लाल पेटत नाही, तेवढं सोडून द्यावं लागतं. त्यानं ते आनंदानं सोडलं.

नवा कागद तयार झाला. वेळ: पहाटे पाच. एकूण सव्वा तास. पहिलं जॅकेट, कारण सगळ्यात गार वेळ तीच, मग पैठणी, सुती फ्रॉक शेवटी. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायला मुलीला सांगायचं, कारण तहान लागल्यावर प्यायलेलं पाणी उशिरा कामी येतं. घाम रुमालानं घासायचा नाही, टिपकागदानं टिपायचा. कॅमेरा तापत्या गाडीत ठेवायचा नाही आणि बर्फाच्या पेटीतही नाही, नाहीतर आत ओल धरते. उन्हाळ्यात खडखड्या साप रात्री आणि पहाटे हिंडतात, तेव्हा दगडांच्या फटी आधी टॉर्चनं बघायच्या आणि सगळ्यांना बंद बूट सांगायचे. चोया निवडुंगाचे गोळे अंगाला चिकटतात, म्हणून एक कंगवा आणि चिमटा खिशात. वाऱ्याधुळीचा दिवस निघाला तर पुढच्या आठवड्यातली एक पहाट राखून ठेवायची.

बाईंनी कागद वाचून मान हलवली आणि फक्त एक प्रश्न विचारला. “मुलीची साडी कोण नेसवणार?”

“आजी.”

“मग आजी कुठे आहेत या कागदात?”

मुलानं पुन्हा कागद पाहिला. मुलगी होती, कॅमेरा होता, निवडुंग होता. आई, आजी, धाकटा भाऊ कुठेच नव्हते. पहिल्या आखणीत तर आजी दुपारी चारला वाहनतळाच्या डांबरावरून चालत आल्या असत्या. अशा दिवशी ते डांबर ७० अंशांच्या आसपास तापतं. फोटोत नसलेली माणसंही त्याच उन्हात असतात, हे बाईंना सांगावं लागलं नाही. त्यानं कागदावर दोन खुर्च्या, एक छत्री, साडी बदलण्यासाठी आडोशाचा छोटा तंबू आणि चार जणांचं पाणी वाढवलं. मग मुलीच्या आईला फोन करून विचारलं, आजींना इतक्या पहाटे उठणं जमेल का?

आई हसल्या. “अकोल्याला त्या उन्हाळ्यात त्याच वेळी उठतात. उन्हं तापायच्या आत कामं उरकायची असतात ना.”

ठरल्या दिवशी काळोख असतानाच सगळे जमले. आजींनी थर्मासभर पन्हं आणलं होतं. तिथल्या भारतीय दुकानात मिळालेल्या कैऱ्यांचं. जॅकेटमधले फोटो अर्ध्या तासात झाले. मुलगी हसली तेव्हा तिचे डोळेही हसत होते. पैठणीचे काठ त्या सावलीतल्या उजेडात असे उठून दिसले की आजी खुर्ची सोडून पुढे आल्या आणि निऱ्या स्वतः सारख्या केल्या. मुलानं तोही फोटो काढला. भाऊ छत्रीखाली आडवा होऊन झोपला होता.

फ्रॉकमधले फोटो चालू असताना सूर्य कड्यावर आला. सग्वारोच्या टोकाला ऊन लागलं, त्याच्या कडेच्या काट्यांतून उजेड झिरपू लागला. मुलानं कितीतरी दिवस मनात धरलेलं चित्र ते हेच होतं. आणखी दहा मिनिटांत ऊन खाली उतरून मुलीच्या केसांना लागलं असतं, आणि तो फोटो त्याच्या स्वतःच्या संग्रहात पहिल्या पानावर गेला असता.

त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की मुलगी मघापासून बोलायची थांबली आहे. त्यानं विचारलं तर ती म्हणाली, “मी ठीक आहे, काढा तुम्ही.” उन्हाळ्यात फोटोसाठी उभी राहणारी मुलं बहुधा असंच म्हणतात, त्यांना आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको असतो. मुलानं कॅमेरा गळ्यातून काढला. “झालं आपलं काम,” तो म्हणाला आणि तिला छत्रीखाली नेलं. आजींनी पन्ह्याचा पेला आधीच भरून ठेवला होता. बाई लांब उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी खुर्च्या आवरायला घेतल्या.

पुढच्याच आठवड्यात स्टुडिओत फोन वाजला आणि बाईंनी तो मुलाला घ्यायला सांगितला. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाची आई होती. मुलाचा फोटो संघाच्या पूर्ण पोशाखात हवा होता, शाळेच्या मैदानावर, रविवारी दुपारी चारला, कारण तेवढीच वेळ सगळ्यांना सोयीची होती.

“मैदानावर खरं गवत आहे की प्लॅस्टिकचं?” मुलानं विचारलं.

“प्लॅस्टिकचं.”

“ते गवत दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. आपण पहाटे भेटलो तर? खांद्यांची कवचं आणि हेल्मेट मिळून किती वजन होतं, सांगाल? एकदा मला घालून बघायचंय.” मग त्यानं कागद पुढे ओढला. “आणि त्याच्याबरोबर घरातलं कोण कोण येणार आहे?”