समजलं आणि आलं

मु. पो. सौंदड,
ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया

चि. भाच्यास,

आपल्याकडे मामाने भाच्याला पाया पडू द्यायचं नसतं, उलट आपणच त्याच्या पाया पडायचं. अशा नात्यात उपदेशाचं पत्र लिहायचं म्हणजे अवघडच. पण गावच्या मंडईच्या जत्रेत रात्री नाटकाचा पडदा वर जायच्या आधी तू जे एक वाक्य बोललास, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. "मामा, सर शिकवतात तवा सगळं समजते, पन पेपरात काहीच येत नाही." सेशनलला गणितात 30 पैकी 7 मिळाले, हे त्यानंतर सांगितलंस, तेही रंगमंचाकडे बघत. मग पेटी वाजली आणि बोलणं राहिलं.

त्या वाक्यात तू दोन क्रियापदं वापरलीस आणि दोन्ही बरोबर वापरलीस. आपल्या भाषेत पोहणं 'समजलं' असं कोणी म्हणत नाही, पोहता 'येतं' म्हणतात. सायकल येते, भाकरी येते, रोवणी येते. दुसरा कोणी गणित सोडवत असताना आपल्याला पायऱ्या पटत जातात, ते समजणं. ते खोटं नसतं. पण तेच गणित कोऱ्या कागदावर, कोणी समोर नसताना, आपल्या हाताने शेवटपर्यंत नेणं ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या वर्षाला बहुतेक पोरं पहिल्या गोष्टीला दुसरी समजून बसतात आणि डिसेंबरात पेपर हातात आला की त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

आधी तुझ्या तक्रारीबद्दल बोलतो, कारण ती खरी आहे. मी अठ्ठावीस वर्षं अभियांत्रिकीच्या वर्गात खडू घेऊन उभा होतो, तेव्हा आतली बाजू मला ठाऊक आहे. प्रवेशाच्या कॅप फेऱ्या लांबतात, पहिल्या वर्षाचे वर्ग उशिरा भरतात, आणि सेमिस्टरची शेवटची तारीख मात्र फारशी हलत नाही. मग शिक्षक धावतो. स्लाइडवर गणित आधीच सोडवून ठेवलेलं असतं, तो ते वाचतो, साठ-सत्तर माना हलतात, पुढची स्लाइड. स्लाइडवर गणित शिकवणं मला कधी पटलं नाही. फळ्यावर लिहिताना शिक्षकाचा हात जेवढ्या वेगाने चालतो, तोच पोराच्या डोक्याचा वेग असतो. पण शेवटच्या काही वर्षांत मीही स्लाइड वापरल्या, अभ्यासक्रम संपवायचा होता म्हणून. तेव्हा तुझ्या सरांना मी फार बोलू शकत नाही. एवढं सांगतो, की वर्ग सुधारेल मग मी अभ्यास करीन, अशी वाट पाहू नकोस. वर्ग सुधारेपर्यंत तू तिसऱ्या वर्षाला असशील.

दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं तू सीईटीची तयारी केलीस. त्या परीक्षेत 180 मिनिटांत 150 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. साकोलीच्या क्लासमध्ये तुम्हाला पर्याय उलटे घालून बघायला, दोन चुकीचे खोडून उरलेल्यांत अंदाज बांधायला शिकवलं. त्यात तू तयार झालास, चांगले पर्सेंटाइल आणलेस, त्याचं कौतुक आहे. पण त्या दोन वर्षांत तू एका गणिताची अडीच पानं सलग कधी लिहिली होतीस? विद्यापीठ तेच मागतं. उत्तर त्यातल्या त्यात स्वस्त असतं. सूत्र, मांडणी, मधल्या पायऱ्या, आकृती, एकक यांना गुण असतात. सात गुणांच्या गणितात शेवटचा आकडा चुकलेल्या पोराला मी पाच दिलेले आहेत, आणि नुसतं बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला एक देतानाही हात अडखळला आहे.

आता माझी गोष्ट. आईने तुला ती सांगितलेली नसणार, घराण्याची अब्रू म्हणून. पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले होते, गणित आणि ड्रॉइंग. त्या वेळी आपला जिल्हा भंडाराच होता, गोंदिया वेगळा झाला 1999 मध्ये. निकाल घेऊन मी उन्हाळ्यात इथे आलो आणि दिवसभर एका सुतारकाकांच्या मांडवात बसून राहायचो, कारण घरी बाबा असायचे. काका बंडीचं काम करत होते. आठ दिवस रंधा चालताना बघितल्यावर मी म्हणालो, काका, मला समजलं, द्या इकडे. त्यांनी काही न बोलता रंधा दिला. पहिल्याच फटक्याला पातं लाकडात रुतलं आणि चांगल्या फळीचा टवका उडाला. मी लाकडाच्या रेषेच्या उलट्या अंगाने रंधा मारला होता. आठ दिवस डोळ्यांसमोर ते फळी फिरवून घेत होते आणि मला ते दिसलंच नव्हतं. फळी वाया गेली म्हणून रागावतील असं वाटलं. त्यांनी एक टाकाऊ तुकडा पुढे सरकवला आणि म्हणाले, "मार आता, दिवसभर."

ड्रॉइंग मला त्याच मांडवात आलं. तुला दोन्ही प्रतलांना कललेल्या रेषेची भीती वाटते म्हणालास. ती सगळ्यांनाच वाटते, कारण सगळे ती कागदावर बघतात. एक पुठ्ठा काटकोनात दुमड. उभा भाग म्हणजे व्हीपी, आडवा म्हणजे एचपी, दुमड म्हणजे एक्सवाय रेषा. त्या कोनात पेन्सिल तिरपी धर. समोरून बघ, तिची सावली उभ्या पुठ्ठ्यावर कुठे पडेल ते खडूने मार. वरून बघ, आडव्यावर मार. मग आडवा भाग खाली पाडून पुठ्ठा सपाट कर. समोरचं दृश्य रेषेच्या वर आलं, वरचं दृश्य खाली गेलं. आपल्याकडे वापरतात ती फर्स्ट अँगल पद्धत ती हीच, यापलीकडे तिच्यात जादू नाही. काकांनी मला हे काडेपेटीचं खोकं फाडून दाखवलं होतं. त्यांना 'प्रोजेक्शन' हा शब्द माहीत नव्हता. पण बंडीच्या चाकाला बाजूने बघून आरे मोजायचे आणि वरून बघून तुंब्याची जाडी, हे त्यांना लहानपणापासून येत होतं. एन. डी. भट्टांच्या पुस्तकातली उदाहरणं त्यानंतर मी पुठ्ठा घेऊन काढली. पाठ काही केलं नाही.

म्हणून रोजचं काम एकच सांगतो. ज्या दिवशी वर्गात गणित झालं, त्याच संध्याकाळी वही मिटून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, तेच गणित कोऱ्या कागदावर काढ. नवीन नको, तेच. तू अडशील. जिथे पेन थांबेल तिथे कागदावर खूण कर, मग वही उघड. ती खूण म्हणजे तुझा खरा प्रश्न. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांकडे तेवढीच एक ओळ घेऊन जा. "सर, मला काहीच समजत नाही" म्हणणाऱ्या पोराला शिक्षक काय सांगणार? "सर, या ओळीवरून त्या ओळीवर कसे गेलो?" असं विचारणाऱ्याला चिडका शिक्षकही थांबून सांगतो. माझ्याकडे असे वर्षाला चार-पाच यायचे आणि मी त्यांची वाट बघायचो, हे तुमच्यापैकी कोणाला खरं वाटत नाही.

मोबाइलचा राग नाही. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, आमच्या वेळी असती तर आम्ही पाया पडलो असतो. पण दुप्पट वेगाने व्हिडिओ बघितला की समजल्याचा भास फार पक्का होतो. व्हिडिओ गणिताच्या मध्यावर थांबव आणि पुढच्या दोन ओळी स्वतः लिही. मग चालू कर. प्रोग्रॅमिंगचंही तसंच. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घे. इंग्रजी सोपं आहे आणि माणूस समोर बसून सांगतोय असं वाटतं. त्यातला प्रोग्रॅम संगणकावर चालवण्याआधी कागदावर प्रत्येक चलाची किंमत ओळीओळीने लिहून बघ. लूप कुठे संपतो ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

इंग्रजीबद्दल तू बोलला नाहीस, पण मी ओळखलं. सौंदडच्या शाळेतून गेलेल्या पोराला वर्गात पहिला महिना बधिर झाल्यासारखं होतं. 2021 पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला एआयसीटीईने परवानगी दिली आहे, मराठीतली काही पुस्तकंही त्यांच्या ई-कुंभ संकेतस्थळावर आहेत. संकल्पना अडली तर ती पुस्तकं खुशाल वाच, त्यात कमीपणा नाही. मात्र तुझा पेपर इंग्रजीत आहे, तेव्हा प्रश्नातली क्रियापदं ओळखून ठेव. 'स्टेट' म्हटलं की फक्त नियम लिहायचा. 'डिराइव्ह' म्हटलं की सुरुवातीपासून सिद्ध करत यायचं. 'डिस्टिंग्विश' म्हटलं की दोन रकाने आखायचे. 'स्टेट'ला दोन पानं लिहून वेळ घालवणारी आणि 'डिराइव्ह'ला फक्त सूत्र लिहून मोकळी होणारी हुशार पोरं मी तपासताना पाहिली आहेत.

जुने पेपर आणलेस ते चांगलं केलंस. पण त्यांतून 'इम्पॉर्टंट' शोधत बसू नकोस. तू दाखवलेल्या पेपरात पर्याय त्याच युनिटमध्ये आहे, पहिला प्रश्न नाही तर दुसरा, तिसरा नाही तर चौथा. म्हणजे एखादं युनिट सोडलं की ती पूर्ण जोडीच गेली. सगळी युनिटं थोडी थोडी येणं हे तीन युनिटं तोंडपाठ असण्यापेक्षा बरं. 70 गुण आणि 180 मिनिटं, म्हणजे सात गुणांच्या प्रश्नाला 18 मिनिटं. घरी घड्याळ लावून एक प्रश्न सोडवून बघ. पहिल्यांदा तुला पस्तीस लागतील. घाबरू नकोस, मलाही लागायची.

पेपरवर वरती एक सूचना छापलेली असते, जिथे गरज पडेल तिथे योग्य माहिती गृहीत धरा. पोरं ती वाचतच नाहीत, किंवा प्रश्न चुकला असेल तर पळवाट म्हणून बघतात. मला मात्र ती सगळ्या पेपरातली सर्वांत अभियंत्याची ओळ वाटते. आपल्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांचा म्हणतात. तेव्हा त्यांच्याकडे पर्जन्यमापक कुठला असणार? पाऊस किती येतो, पाळीवर किती दाब येईल, सांडवा कुठे ठेवायचा, हे सगळं जमिनीचा उतार आणि मागच्या पुरांच्या आठवणीवरून गृहीत धरलं होतं. गृहीत धरलेलं बरोबर निघालं, म्हणून त्या पाण्यावर अजून धान होतं. तू पेपरात काही गृहीत धरलंस तर ते स्पष्ट लिही आणि पुढे त्याला चिकटून राहा. परीक्षक गुण देतो. पंख्याचा वेग मिनिटाला दहा हजार फेरे गृहीत धरणाऱ्याला मात्र मी दिले नव्हते.

विषय राहिला तर काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, कारण भाऊजी तेव्हा शेजारी बसले होते. एटीकेटी या अक्षरांचा अर्थच मुळी टर्म चालू ठेवायला परवानगी असा आहे. माझे दोन राहिले, दोन्ही निघाले, पुढे तेच गणित मी शिकवलं. पेपर चांगला जाऊनही गुण कमी आले असं वाटलं, तर उत्तरपत्रिकेची प्रत माग आणि मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरव. आपली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये मान्य केला आहे. विद्यापीठांच्याही चुका होतात. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने घाईने संगणकावर तपासणी सुरू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पण प्रत हातात आल्यावर आधी स्वतः परीक्षक होऊन ती वाच. बहुतेक वेळा आपला पेन कुठे थांबला होता ते तिथे स्वच्छ दिसतं.

महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का? भारी धान अजून बांधीत आहे, आणि खरेदी केंद्राचे पैसे खात्यात कधी येतील ते केंद्रालाही सांगता येत नाही. भाऊजी तुला ते बोलणार नाहीत.

शनिवारी ते एसटीने नागपूरला येतायत. त्यांच्यासोबत नव्या तांदळाची पिशवी, माझा जुना मिनी ड्राफ्टर आणि 500 कोऱ्या कागदांचं एक रीम पाठवतो. ड्राफ्टरचा एक स्क्रू ढिला आहे, घट्ट करून घे. दर रविवारी त्या आठवड्यातल्या एका गणिताच्या कागदाचा फोटो मला पाठवायचा. खाडाखोडीसकट, आणि जिथे थांबलास तिथली खूण दिसली पाहिजे. स्वच्छ उतरवून काढलेला पाठवलास तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
मामा

ता. क. – माझ्या दोन विषयांचं मी तुला लिहिलं हे आईला सांगू नकोस. सांगितलंस तर ती म्हणेल दोन नाही, तीन होते. वर्कशॉपचा मी धरत नाही.