शेवटचे पाच मिलिग्रॅम

तासगावच्या तात्यांनी पाडव्याच्या मुहूर्तावर गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, घरात सांगितलं नाही.

बायको गेल्यावर तात्या अंथरुणातून उठेनासे झाले होते. ताटातली भाकरी तशीच राहायची, बागेकडे ते फिरकत नसत. रोज वीस मिलिग्रॅम पॅरॉक्सेटीन हे उदासीवरचं औषध सुरू झालं आणि काही महिन्यांत ते पुन्हा द्राक्षांच्या मांडवाखाली उभे राहिले. पण मेव्हणा दर भेटीला टोकायचा, "दाजी, आता बरं हायसा न्हवं? मग ह्या गोळ्या जन्मभर खाणार काय?" एकदा त्याने पुडीही आणून दिली. झाडपाल्याची, म्हणजे निर्धोक. त्याची माया खोटी नव्हती. मनाच्या आजारावर गोळी घेणं म्हणजे कमकुवतपणा, हे आपल्याकडे जवळची माणसंच बोलतात, म्हणून ते फार लागतं.

तिसऱ्या दिवशी बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर द्राक्षं पसरताना तात्यांनी मान वळवली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं. नजर इकडून तिकडे फिरवली की पुन्हा तेच. चक्कर, मळमळ, रात्री भयंकर स्वप्नं. एरवी शांत असणारा माणूस नातवावर खेकसला आणि मग स्वतःच रडत बसला. घरचे म्हणाले, आजार उलटला. तात्यांनी पुडीची मात्रा दुप्पट केली.

सुनेला मात्र हे पटेना. "तात्या, मागच्या वेळी तुम्ही गप्प पडून असायचात. हे झटके तेव्हा नव्हते." शेवटी तात्यांनी गोळी सोडल्याचं कबूल केलं. उरलेली पाकिटं आणि पुडी पिशवीत घालून तिने त्यांना सांगलीला नेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. हा आजार उलटलेला नाही, औषध एकदम तोडल्याचा त्रास आहे, असं त्यांनी सांगितलं. आजार परतायला सहसा आठवडे, महिने लागतात. हा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो आणि त्यात असे झटके येतात. पॅरॉक्सेटीन शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून त्याचा त्रास जास्त. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. ती त्यांनी बाजूला ठेवली. सेंट जॉन्स वर्ट हीसुद्धा वनस्पतीच, उदासीवर बऱ्याच देशांत विकली जाते. पण अशा गोळ्यांबरोबर घेतली तर कंप, ताप, घालमेल होऊन जिवावर बेतू शकतं.

जुनी मात्रा पुन्हा सुरू झाली आणि काही दिवसांत झटके थांबले. मग कमी करण्याचा बेत ठरला. गोळी निम्मी केली म्हणून तिचा मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. शेवटच्या थोड्या मिलिग्रॅममध्येच तिचा बराच अंमल असतो. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं आणि शेवटचे टप्पे सर्वांत लहान ठेवायला सांगितलं. तात्यांचे विसाचे दहा लवकर झाले. दहाचे पाच व्हायला महिने गेले. शेवटच्या पाचाला त्याहून जास्त. मध्ये एकदा त्रास वाढला तेव्हा एक पायरी मागे यावं लागलं.

गोळीखेरीज उपाय हवा, हे मेव्हण्याचं म्हणणं चूक नव्हतंच. समुपदेशकाकडे जाऊन बोलणं आणि रोज सकाळचं चालणं तात्यांनी मात्रा कमी होण्याच्या आधीच सुरू केलं, गोळी चालू असतानाच. बायकोबद्दल ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ते तिथेच. आता गोळी पूर्ण बंद आहे, तरी तपासणीला ते जातात, कारण आजार परतण्याचा धोका गोळी सुटली म्हणून संपत नाही. काहींना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या घरात कुणी अशी गोळी सोडायचं म्हणत असेल, तर त्याला अडवू नका आणि एकटंही सोडू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.