कैदेतले हसू कोणाच्या वाट्याला येते?

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांचे ऑगस्ट 2025 मध्ये निधन झाले, तेव्हा पाकिस्तानच्या कैदेतून 1972 साली त्यांनी केलेल्या पलायनाची कथा मराठीत पुन्हा सांगितली गेली, आणि तिच्या शेवटी अनेकदा एक तयार तात्पर्य जोडलेले दिसले. ज्याचे मन खंबीर आहे आणि ज्याचे हसू शाबूत आहे, त्याला कोणतीही कैद मोडू शकत नाही, असे ते तात्पर्य आहे. प्रेरणादायी व्याख्यानांत आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांत हेच वाक्य नाझी छावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांच्या नावावर खपवले जाते. पारुळकरांविषयी आणि फ्रांकल यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे तात्पर्य तपासून पाहिले पाहिजे, कारण ते ज्या रूपात सांगितले जाते त्या रूपात ते असत्य आहे आणि मेलेल्यांवर अन्याय करणारे आहे.

खंबीर मन माणसाला जगवते असे एकदा मान्य केले की जे कैदेत मेले त्यांची मने कच्ची होती हा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि निदान महाराष्ट्राने तरी तो मुकाट्याने स्वीकारू नये. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत येथे 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी जे ब्रिटिश-हिंदी सैन्य तुर्कांना शरण गेले, त्याचे नाव सहावी पुणे डिव्हिजन असे होते, आणि त्यात 103, 110 व 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. वेढ्यातील उपासमारीने आधीच खंगलेल्या शिपायांना भर उन्हाळ्यात वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि त्यांतील अनेकांना पुढे रास अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. साध्या ब्रिटिश शिपायांपैकी दहांतले जवळपास सात परत आले नाहीत आणि हिंदी शिपायांचे मृत्यूही हजारांनी मोजावे लागले. अधिकाऱ्यांना मात्र त्यांच्यापासून वेगळे करून तुलनेने बऱ्या स्थितीत ठेवले गेले, आणि सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळ मर्मरा समुद्रातील एका बेटावर बंगला मिळाला. टाउनशेंड हे बॅन्जो वाजवणारे, नाटकवाल्यांच्या सहवासात रमणारे, हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ होते. विनोदबुद्धी हीच जगण्याची शिदोरी मानायची, तर त्यांचे वाचणे त्यांच्या स्वभावाच्या खाती जमा करावे लागेल आणि सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायाचे मरणे त्याच्या स्वभावाच्या खाती. असा हिशेब मांडणाऱ्याने आधी दोघांना मिळालेले पाणी आणि भाकरी मोजावी.

पारुळकरांच्या कैदेचा विचारही याच निकषावर करावा लागतो. भारत-पाकिस्तान युद्धात 10 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे सुखोई-7 विमान पाडले गेले आणि ते पकडले गेले. पुढे रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाच्या बारा वैमानिकांना एकत्र ठेवण्यात आले. सुरुवातीचे दिवस एकांतकोठडीचे आणि चौकशीचे होते, तरी त्यांच्यामागे एक दस्तऐवज उभा होता, तो म्हणजे 1949 चा तिसरा जिनिव्हा करार. युद्धकैदी म्हणजे शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक हा गुन्हेगार नव्हे, या तत्त्वावर तो करार उभा आहे. त्याच्या कलम 60 नुसार कैद्याला दरमहा हुद्द्याप्रमाणे आगाऊ वेतन मिळते, ते मेजरखालच्या अधिकाऱ्यासाठी पन्नास स्विस फ्रँक इतके ठरवलेले आहे. कलम 92 नुसार पळताना पकडलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा करता येते, आणि अशी शिक्षा तीस दिवसांहून अधिक असू नये असे कलम 90 सांगते. पारुळकर आणि त्यांचे दोन साथीदार, मालविंदर सिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी, पकडले गेल्यावर त्यांना तीस दिवसांची एकांतकोठडी मिळाली. त्यांच्या धैर्यात तिळमात्र उणीव न काढता असे म्हणता येते की त्या धैर्याला परतीची वाट कायद्याने ठेवली होती. कूतच्या शिपायाला पळून पकडला गेल्यावर कोणते कलम आठवले असते?

इथवर आलेला वाचक म्हणेल की मग विनोदाला काही अर्थच उरत नाही, सारे अन्नाचे, हुद्द्याचे आणि कायद्याचे. ही भूमिका तर्काला सोयीची आहे, पण ती शेवटपर्यंत टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे फ्रांकल यांच्याकडेच नीट पाहिल्यावर कळते. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ थेरेसिएनश्टाट, आउशविट्झ आणि डाखाऊच्या उपछावण्यांतून वाचले, आणि 1946 साली त्यांनी त्या अनुभवावरचे आपले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ते सैनिक नव्हते, म्हणून युद्धकैद्याचे कोणतेही संरक्षण त्यांना नव्हते. त्यांची छावणी माणसे संपवण्यासाठीच उभारलेल्या यंत्रणेचा भाग होती, आणि म्हणूनच त्यांची साक्ष सर्वांत कठीण जागेवरून आलेली साक्ष आहे. या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीच्या भागात ते स्पष्ट सांगतात की त्यांच्यातले उत्तम होते ते परतले नाहीत, आणि जे परतले ते अनेक योगायोगांमुळे परतले. खंबीर तो वाचला, असा सिद्धान्त फ्रांकल यांच्या नावावर विकणाऱ्यांनी ती पाने उलटून पुढे धाव घेतली आहे. जगण्याची हमी त्यांनी कोणालाच दिलेली नव्हती. त्यांचा प्रश्न असा होता की मरण बहुधा अटळ असताना माणसाच्या हाती काय उरते, आणि जे उरते त्यात त्यांनी विनोद धरला.

त्यांनी हे कसे केले तेही सांगितले आहे, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. बांधकामावर शेजारी काम करणाऱ्या एका शल्यवैद्य मित्राशी त्यांनी करार केला की सुटकेनंतर घडू शकेल असा एक तरी मजेदार प्रसंग रोज रचून एकमेकांना सांगायचा. वरिष्ठ येताना दिसला की कामावरचा मुकादम घाई करण्यासाठी एक शब्द ओरडत असे. तेव्हा तो मित्र उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा असेल आणि प्रमुख आल्याची वर्दी देताना कोणीतरी नेमका तोच शब्द ओरडेल, अशी एक कल्पना निघाली. मेजवानीला गेलेला माणूस सवयीने यजमानीणबाईंना सूप तळातून वाढण्याची विनवणी करील, अशी दुसरी निघाली, कारण छावणीत वाटाण्याचे चार दाणे मिळाले तर ते तळाशीच मिळत. या दोन्ही विनोदांत छळणाऱ्याला मारलेला टोमणा नाही आणि स्वतःच्या हालांना हसून उडवणेही नाही. त्यांत उद्याचा दिवस गृहीत धरलेला आहे, आणि असा विनोद ऐकायला दुसरा माणूस लागतो. एकट्याने तो होत नाही. छावणी माणसाला क्रमांक बनवून एकटे पाडते, तेव्हा रोज एका ठरलेल्या माणसाला काहीतरी सांगण्याचे देणे लागणे म्हणजे त्या एकटेपणाला दिलेला नकार होय. विनोद हा मनाचा गुण आहे असे आपण सहजपणे मानतो. फ्रांकल यांच्या या प्रसंगात तो दोघांमधला व्यवहार आहे.

हे एकदा लक्षात आले की आपल्याकडच्या तुरुंगांतील उदाहरणेही वेगळी दिसू लागतात. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत राहिले आणि साने गुरुजी ते टिपून घेत राहिले, आणि पुढच्या वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ही युद्धकैद नव्हती आणि हा विनोदही नव्हता, पण सांगणारा आणि ऐकणारा यांची जोडी बंदिवासात काय करू शकते याचे मराठीला याहून जवळचे प्रमाण नाही.

नाशिकच्या याच परिसरात या प्रश्नाचा आणखी एक, काहीसा अस्वस्थ करणारा पुरावा आहे. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहापासून थोडे पुढे देवळालीचा लष्करी तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात सापडलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना आधी अहमदनगरला, मग देवळालीला आणि शेवटी देहरादूनला ठेवण्यात आले. हे लोक स्थानबद्ध होते, म्हणजे सैनिक नसून शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अडकवलेले. त्यांपैकी गिर्यारोहक हाइनरिख हारर आणि त्यांचे साथीदार 29 एप्रिल 1944 रोजी देहरादूनमधून निसटले ते दोघांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आणि बाकीच्यांनी तारेचे कुंपण दुरुस्त करणाऱ्या हिंदी मजुरांचा वेष घेऊन, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. अधिकारी बनलेले रोल्फ मागेनर आणि हाइन्स फॉन हावे हे ब्रह्मदेशापर्यंत पोचून जपानी सैन्याला मिळाले, तर हारर तिबेटला गेले. या पलायनातील धिटाई आणि खेळकरपणा कोणालाही मोहवील असा आहे. पण हारर हे 1938 सालीच नाझींच्या एस.एस. या संघटनेत दाखल झालेले होते. ज्या राजवटीच्या छावणीत फ्रांकल सूपाच्या तळातल्या वाटाण्यांवर विनोद रचत होते, त्या राजवटीच्या बाजूचा माणूस ब्रिटिशांच्या कैदेत पुरेसे अन्न आणि मोकळा वेळ मिळाल्यामुळे नाट्यपूर्ण सुटकेचा नायक होऊ शकला. तेव्हा कैदेतला खेळकरपणा हा चारित्र्याचा पुरावा मानणेही सोडून दिले पाहिजे.

मग पारुळकरांच्या पलायनाला मोठेपण कशाने येते? 12 ते 13 ऑगस्टच्या रात्री भिंतीला पाडलेल्या भोकातून तिघे बाहेर पडले, बसने पेशावरला आणि तिथून लंडी कोतलला पोचले, आणि अफगाण सीमा जेमतेम चार मैलांवर असताना त्यांनी लंडी खाना या स्थानकाकडे जायची चौकशी केली. नकाशावर असलेले ते स्थानक 1932 सालीच बंद झाले होते, म्हणून लोकांना संशय आला आणि ते अडकले. तेव्हाही पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असल्याची बतावणी त्यांनी सोडली नाही, आणि जमावाच्या व स्थानिक अधिकाऱ्यांच्या तावडीतून जीव वाचवण्यासाठी पारुळकरांनी युक्तीने आपल्याच छावणीच्या माजी प्रमुखाशी संपर्क साधला. ही प्रसंगावधानाची कमाल होय. पण या कथेत तिघांइतकेच महत्त्व छावणीत मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना दिले पाहिजे. एका खोलीची भिंत दिवसेंदिवस पोखरली जात असताना छावणीत गुप्तता पाळली जाणे, रोजचे वागणे बदलू न देणे, आणि स्वतःला जायचे नसतानाही इतरांच्या जाण्याचा बेत जपणे, याला जे लागते तेच फ्रांकल आणि त्यांच्या मित्राच्या करारात आहे. 1 डिसेंबर 1972 रोजी वाघा सीमेवरून सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी परतले आणि त्यांत पारुळकरही होते.

त्याच युद्धातील 54 भारतीय सैनिक सरकारी नोंदीत आजही बेपत्ता आहेत. 2007 साली त्यांच्या काही नातेवाइकांनी पाकिस्तानी तुरुंगांना भेट दिली, पण कोणाचाही शोध लागला नाही. त्यांच्यापैकी कोण हसरा होता आणि कोण घुमा, याचा त्यांच्या न परतण्याशी संबंध जोडण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि म्हणूनच परतलेल्यांच्या बाबतीतही ते करू नये.

कूतच्या मराठा शिपायांची साक्ष आपल्याकडे जवळजवळ नाही. अधिकाऱ्यांनी आठवणी लिहिल्या आणि या शिपायांनी लिहिल्या नाहीत, म्हणून त्या कैदेतल्या विनोदाची बहुतेक ज्ञात उदाहरणे हुद्देवाल्यांची आहेत, आणि रास अल-ऐनच्या रुळांवर कोणी कोणाला काय सांगून हसवले हे आपण गमावले आहे. कोकणात, सातारा-कोल्हापुराकडे किंवा नाशिक जिल्ह्यात ज्या घरांत पहिल्या महायुद्धातील पेन्शनीचा कागद, कैदेतून आलेले पत्र किंवा आजीच्या तोंडून ऐकलेली पणजोबांची गोष्ट अजून शिल्लक असेल, त्यांनी ती लिहून काढावी आणि कागदांसह पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे सुपूर्द करावी.