रंगावर चढवलेला रंग

जळलेल्या बुचाची पूड पाण्यात कालवून चेहऱ्याला फासायची, तोंडाभोवती रुंद फिकट कड सोडायची, डोक्यावर कुरळा टोप, हातात मोजे, पायात मापाबाहेरचे बूट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गोरे नट असं सोंग घेऊन गुलामांची टिंगल करत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. या खेळांना मिन्स्ट्रेल शो म्हणत. विनोदी नट बर्ट विल्यम्स मुळात काळाच होता. तरी त्यालाही हा रंग लावावा लागला, कारण त्याचा वर्ण उजळ होता आणि रंगमंचावरचा काळा माणूस कसा दिसायला हवा, हे प्रेक्षकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याचा जन्म १८७४ सालचा, बहामा बेटांवरच्या नसाऊचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं आणि तो कॅलिफोर्नियात वाढला. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याला जॉर्ज वॉकर भेटला आणि दोघांची जोडी जमली. रंग फासलेले गोरे नट पैसे मिळवत असताना आपण मागे का राहायचं, असा वॉकरचा रोकडा सवाल होता. म्हणून त्यांनी ‘अस्सल काळे’ अशीच आपली जाहिरात केली, आणि त्या जाहिरातीत वापरलेला शब्द शिवीच होता. सुरुवातीला वॉकर विनोदी भूमिका करी आणि विल्यम्स गंभीर. मग भूमिकांची अदलाबदल झाली. वॉकर झाला नखरेल छैला आणि विल्यम्स झाला पाय ओढत चालणारा, दर वेळी फसणारा गडी.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये व्हॉडव्हिलची चलती होती. एका तिकिटात गाणं, नाच, कसरत, नकला असे सुटे खेळ एकामागून एक बघायला मिळत. तिथं या जोडीनं केकवॉक गाजवला. मळ्यांवरच्या गुलामांनी मालकांच्या डौलदार नाचाची नक्कल करता करता हा नाच घडवला, असं मानलं जातं. ज्यांची नक्कल होती त्यांचीच नातवंडं आता तो हौसेनं शिकू लागली. वॉकरची पत्नी एडा ओव्हरटन वॉकर ही त्या नाचातली मोठी कलावंत.

१९०३ च्या फेब्रुवारीत त्यांचं ‘इन डहोमी’ हे संगीतक टाइम्स स्क्वेअरजवळच्या न्यूयॉर्क थिएटरात लागलं. संगीत विल मॅरियन कुकचं, गीतं कवी पॉल लॉरेन्स डनबारची, संहिता जेसी शिपची. लिहिणारे, रचणारे, खेळणारे सगळे काळे. काळ्या प्रेक्षकांना मात्र वरच्या सज्ज्यात बसावं लागलं. त्याच वर्षी हा खेळ लंडनला गेला आणि जून महिन्यात बकिंगहॅम राजवाड्यातही झाला.

विल्यम्सचा विनोद नेमका कशात होता? माझ्या मते त्याच्या संथपणात. भोवतालचे नट धावत, पडत, आरडाओरडा करत, हा थांबे. १९०५ मध्ये त्यानं ‘नोबडी’ या गाण्याला चाल दिली, शब्द अ‍ॅलेक्स रॉजर्सचे. त्याची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. अर्धं गाणं तो बोलूनच म्हणतो, आणि शब्दाशब्दात इतका वेळ सोडतो की आता पुढचं येणारच नाही असं वाटतं. हसू येतं ते त्या रिकाम्या जागेत. १९१८ मध्ये एका मासिकातल्या लेखात त्यानं लिहिलं की आपल्याला साधलेल्या बहुतेक विनोदाच्या मुळाशी एकच कल्पना आहे, नशीब सतत हुकणारा माणूस.

‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ या १९१६ सालच्या मूकपटात हा माणूस जवळून दिसतो. तुरुंगाच्या कोठडीत तो एकटा बसलेला आहे. हातात पत्ते नाहीत, समोर कुणी नाही. तो हवेतच पत्ते पिसतो, वाटतो, प्रत्येक खेळाडूकडे संशयानं पाहतो. स्वतःचं पान हळूच उचलून बघतो आणि गालांच्या कडेला हसू उमटतं. पैसे लावताना हात किंचित अडखळतो. शेवटी तो हरतो. पत्त्यांचा अख्खा फड तो फक्त बोटांनी आणि डोळ्यांनी उभा करतो. बुचाच्या काळ्या थरातूनही त्या चेहऱ्यावरची आशा आणि तिचं विझणं स्पष्ट वाचता येतं. इथं आपण काळ्या माणसाला हसत नाही, नशिबाला हसतो. हा बदल विल्यम्सनं घडवला, आणि तोही त्याच्या अपमानासाठी तयार झालेल्या सोंगातच राहून.

वॉकर आजारी पडला आणि १९११ मध्ये गेला. त्याआधीच, १९१० मध्ये, निर्माता झिगफेल्डनं विल्यम्सला आपल्या ‘फॉलीज’मध्ये घेतलं होतं. गोऱ्यांच्या त्या झगमगीत तमाशात बरोबरीच्या स्थानावर आलेला तो पहिला काळा कलावंत. काही सहकलाकारांनी त्याच्या येण्यालाच विरोध केला. गावोगावच्या दौऱ्यात नाव ठळक छापलं जाई, पण त्याच गावातलं हॉटेल दार उघडत नसे. १९१९ मध्ये नटांच्या संघटनेनं संप पुकारला तेव्हा तो रंग लावून थिएटरात हजर होता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. संघटनेत काळ्यांना जागा नव्हती. डब्ल्यू. सी. फील्ड्स या त्याच्या सहकाऱ्यानं त्याच्याइतका हसवणारा आणि त्याच्याइतका दुःखी माणूस पाहिला नव्हता.

विल्यम्सनं रंग फासून आपल्याच लोकांची बदनामी केली, असा आक्षेप त्याच्या हयातीतही होता. उलट काळ्यांचा नेता बुकर टी. वॉशिंग्टन यानं त्याच्या कामाचा जाहीर गौरव केला. मला दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. तो रंग निरुपद्रवी नव्हता. त्या सोंगानं पिढ्यान्‌पिढ्या विष पेरलं. पण ज्याला त्या एकाच दारातून आत सोडलं जात होतं, त्याला दाराचा जाब विचारणं हा अन्याय आहे. जाब विचारायचा तो तिकीट काढून बसलेल्यांना. प्रतिभेच्या जोरावर त्यानं भेदभावावर मात केली, असंही मी म्हणणार नाही. मात झाली नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला प्रयोग चालू असताना तो कोसळला, आणि प्रेक्षकांना तो खेळाचाच भाग वाटला. मार्चच्या ४ तारखेला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

१९१३ मध्ये त्याला नायक करून काळ्या कलावंतांचा एक चित्रपट चित्रित झाला होता. तो पुरा झालाच नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याची रिळं पडून होती. त्यात रंग फासलेला विल्यम्स आहे, पण भोवतीची बहुतेक माणसं आपल्या खऱ्या चेहऱ्यानं वावरतात, चक्रीपाळण्यात बसतात, केकवॉक नाचतात. आणि नायक-नायिका एकमेकांचं चुंबन घेतात, तेही खिल्ली न उडवता. ही दृश्यं लोकांसमोर आली २०१४ मध्ये, चित्रीकरणानंतर १०१ वर्षांनी.